पापणीचा केस वाचायला शिका: लॅश लिफ्ट आणि भुवयांच्या कामाची सुरुवात

कोल्हापुरी पायताण ज्या कातड्याचं होतं, ते कातडं कमावण्याआधी चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत वरचे केस मुळापाशी इतके सैल होतात की बोथट सुरीनं खरवडले तरी निघून येतात. कातडं मात्र शाबूत राहतं, कारण कातडं कोलॅजनचं आणि केस केराटिनचा. चुन्यातला अल्कली केराटिनमधले गंधकाचे दुवे तोडतो, कोलॅजनमध्ये ते दुवे जवळजवळ नसतातच. माझ्याकडे लॅश लिफ्ट, म्हणजे पापण्यांना लोशननं टिकाऊ वळण देणं, शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. पापणीला आपण जे लोशन लावतो, तेही हेच गंधकाचे दुवे गाठतं. आपल्याला केस काढायचा नसतो, दुवे थोडे सैल करून वेळेत थांबायचं असतं. आणि कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या कारागिराच्या हाताखाली मेलेलं कातडं असतं, आपल्या हाताखाली बघणारा डोळा असतो.

ज्यांचा थ्रेडिंगवर हात बसलाय आणि आता लॅश लिफ्ट, ब्रो लॅमिनेशन (भुवयांचे केस एका दिशेला बसवणं), टिंट (केस रंगवणं) सुरू करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मोठ्या सलूनपासून उपनगरातल्या घरगुती पार्लरपर्यंत या कामांच्या पाट्या लागल्यात. दोन दिवसांच्या क्लासमध्ये हात कसा चालवायचा ते शिकवतात, केसाच्या आत काय होतं ते सांगायला वेळ उरत नाही. मग मुली घड्याळ लावून काम करतात. पण समोर झोपलेल्या बाईचे केस जाड की पातळ, हे घड्याळाला कळत नाही.

आधी केस आतून बघा

रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस नागमोडी होतात. डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा होते तसे. केसात हायड्रोजनचे कच्चे दुवे असतात. ते पाण्यानं सुटतात, वाळल्यावर नव्या आकारात बसतात. पापण्या वळवायचा चिमटा, म्हणजे लॅश कर्लर, याच दुव्यांवर चालतो. म्हणून ते वळण संध्याकाळपर्यंत टिकत नाही, पावसात तर तासभरही नाही.

पक्के दुवे गंधकाचे. केराटिनमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि शेजारशेजारच्या साखळ्यांतले गंधकाचे अणू एकमेकांना धरून असतात. केस सरळ राहायचा की कुरळा, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. हे दुवे पाण्यानं सुटत नाहीत. त्यांना थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार किंवा सिस्टिअमाइन लागतं. लॅश लिफ्टच्या पेटीतली १ नंबरची बाटली किंवा पाकीट म्हणजे हेच. त्यातला अल्कली केसावरचे खवले फुगवून उघडतो, मग औषध आत शिरून दुवे सोडवतं. केस मऊ पडतो आणि सिलिकॉनच्या शील्डवर (पापणीवर बसवायच्या गोलसर पट्टीवर) जसा चिकटवलाय तसा वळतो. २ नंबरच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असतं. ते सुटलेले दुवे नव्या जागी पुन्हा जोडतं. डोक्याच्या केसांचं पर्मिंग होतं ते याच रसायनावर.

सगळेच दुवे परत जोडले जात नाहीत, काही तुटलेलेच राहतात. त्यामुळे प्रत्येक लिफ्टनंतर तो केस आधीपेक्षा थोडा कमकुवत असतो. पुढच्या बऱ्याच सूचनांचं कारण या एका गोष्टीत आहे.

आता पीएचबद्दल. पीएच ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली. अश्रूंचा पीएच साधारण ७.४ असतो, थायोग्लायकोलिकच्या लोशनचा बहुधा ९ च्या आसपास. आकडे जवळचे वाटतात, पण या मापात प्रत्येक पायरी दहापटीची असते. ९ हा ७ पेक्षा १०० पट अल्कली. चुन्याची निवळी १२ च्या वर जाते. युरोपात पापण्यांच्या लोशनसाठी थायोग्लायकोलिक आम्लाची मर्यादा ११ टक्के, पीएच ७ ते ९.५ आणि वापर फक्त व्यावसायिकांनी, असा नियम आहे. माल घेताना पेटीवर घटक आणि पीएच छापलेला आहे का ते बघा. नुसतं ‘केराटिन लिफ्ट’ लिहिलेली, घटकांची यादी नसलेली पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

केसाचं वय

डोक्याचा केस २ ते ६ वर्षं वाढत राहतो. पापणीचा आणि भुवईचा केस जेमतेम एक-दोन महिने वाढतो, मग थांबतो, काही महिने तसाच राहतो आणि गळतो. त्याची लांबी ठरलेली असते ती यामुळेच. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला त्याहून कमी. त्यातले रोज दोन-चार गळणं हे ठीकच. तुम्ही आज वळवलेल्या केसांतले काही पुढच्या आठवड्यात गळायच्या बेतात असतात, काही नुकते उगवलेले असतात. लिफ्ट सहा ते आठ आठवड्यांत विस्कटल्यासारखी दिसते ती जुने वळलेले आणि नवे सरळ केस एकत्र आल्यामुळे. लोशन ‘उतरतं’ म्हणून नाही. हे क्लायंटला आधीच सांगितलं तर दीड महिन्यानं येणारी निम्मी तक्रार येत नाही.

एरंडेल तेलाचंही इथेच बोलते, कारण रोज कोणीतरी विचारतंच. तेलानं केसावर चकाकी येते, तुटणं थोडं कमी होतं. वाढीचा काळ त्यानं लांबत नाही. तो लांबवणारं औषध बायमॅटोप्रोस्ट. ते मुळात काचबिंदूचे थेंब म्हणून आलं. थेंब घालणाऱ्यांच्या पापण्या लांब आणि दाट होऊ लागल्या, आणि २००८ साली अमेरिकेत त्याला पापण्यांसाठीही मान्यता मिळाली. पण त्यानं पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन खाच पडू शकते, आणि डोळ्यातला रंगीत पडदा गडद झाला तर तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे. पार्लरच्या काउंटरवर ते ठेवू नका.

पहिली पायरी: विचारपूस आणि पॅच टेस्ट

लग्नसराईत फोन येतो, “ताई, उद्या हळद आहे, आजच्या आज लिफ्ट आन् टिंट करून द्या की.” अशा वेळी नाही म्हणायला शिका. सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही.

केस रंगवायच्या डायमधल्या पॅरा-फेनिलीनडायअमाइनची ॲलर्जी लगेच दिसत नाही. शरीरातल्या पेशी आधी तो पदार्थ ओळखतात, मग गोळा होतात. खाज, सूज, पाणी भरलेले फोड यायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून मनगटावर थेंब लावून दहा मिनिटांनी “काही झालं नाही” म्हणण्याला काही अर्थ नाही. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला मसुराएवढा ठिपका लावा, ४८ तास थांबा. टिंट वापरणार असाल तर टिंटची, लोशनची आणि पापण्या शील्डवर चिकटवायच्या ग्लूची वेगवेगळी टेस्ट करा. गेल्या वेळी चाललं होतं म्हणून यंदा चालेलच असंही नाही. ही ॲलर्जी वापरता वापरताच जडते.

“कधी काळ्या मेहंदीनं हात भाजल्यासारखा झाला होता का?” हा प्रश्न न चुकता विचारा. खरी मेहंदी नारिंगी-तांबडी रंगते, पुढं मरून रंगाची होते. काही मिनिटांत काळी रंगणाऱ्या कोनात बहुधा हाच डाय मिसळलेला असतो. ज्या बाईला त्याचा त्रास झालाय, तिच्या भुवईला टिंट लावू नका.

आणि हे मी हात जोडून सांगते: डोक्याच्या केसांची डायची पुडी भुवयांना किंवा पापण्यांना लावू नका. भारतात पॅरा-फेनिलीनडायअमाइन असलेल्या डायच्या पाकिटावर, ‘पापण्या किंवा भुवया रंगवण्यासाठी वापरू नये, अंधत्व येऊ शकतं’ अशी सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. बारीक अक्षरात असते, पण असते. त्यामागं इतिहास आहे. १९३३ साली अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा डाय विकला जात होता. त्यानं बायकांच्या डोळ्यांना भयानक इजा झाली, एकीची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. १९३८ साली तिथं सौंदर्यप्रसाधनांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला, त्यामागच्या कारणांत हे एक होतं. मी स्वतः पापण्यांना टिंट लावतच नाही. भुवयांना लावते, तेही भुवयांसाठी बनवलेलं आणि टेस्ट करूनच.

याशिवाय विचारायचं: डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय का, रांजणवाडी आहे का, डोळे आलेत का, काचबिंदूचे थेंब चालू आहेत का, केमोथेरपी चालू आहे का. यातल्या कशालाही हो असेल तर काम पुढं ढकला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स काढायला लावा. तिला किंवा घरी कोणाला कोड आहे का तेही विचारते मी, त्याचं कारण थ्रेडिंगच्या ओघात येईल.

दुसरी पायरी: स्वच्छ करणं आणि बघणं

आपल्याकडं काजळ रोजचं. काजळ तेलकट असतं, आणि तेलावर लोशन नीट काम करत नाही: एक केस वळतो, शेजारचा ताठ राहतो. तेल नसलेल्या क्लीन्झरनं मुळापासून टोकाकडं पुसा, मग कोरडं करा. पापणीच्या कडेला कोंड्यासारखे पांढरे कण, लाली, सकाळी डोळे चिकटणं अशी लक्षणं दिसली तर ती पापणीच्या कडेची सूज असू शकते. त्यावर लोशन लावायचं नाही.

आता केस बोटांच्या चिमटीत नाही, डोळ्यांनी तपासा. भिंग आणि चांगला दिवा लागतोच. केस पातळ, भुरे, मऊ आहेत की काळे, जाड, खाली झुकलेले? आधी लिफ्ट झालीय का? टोकं दुभंगलेली आहेत का? जे दिसेल ते वहीत लिहा. वेळ या नोंदीवरून ठरते.

तिसरी पायरी: शील्ड, लोशन आणि थांबणं

खालच्या पापण्यांवर जेल पॅड लावून त्या झाका. शील्ड लहान घेतली तर वळण तीव्र येतं, पण लांब केसाचं टोक शील्डच्या वर दुमडतं आणि तसंच बसतं. नवशिक्यांनी एक माप मोठी शील्ड घ्यावी. केस एकेक सुटा करून समांतर चिकटवा. इथं एकमेकांवर चढलेले केस पुढचे दीड महिने एकमेकांवर चढलेलेच दिसतील. याच कामाला सर्वांत जास्त वेळ द्या, वीस मिनिटं गेली तरी चालतील. लोशन अजून लावलेलं नाही, तेव्हा घाई कशाची?

१ नंबर मुळापासून एक-दीड मिलिमीटर वर, तिथून केसाच्या मध्यापर्यंत. टोकाला नाही. टोक हा केसाचा सर्वांत जुना आणि बारीक भाग, तो सगळ्यात आधी जळतो. मुळाला लागलं तर कातडी भाजते. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, हे विसरून चालत नाही.

वेळ. कंपनीनं पत्रकावर दिलेला आकडा ही कमाल मर्यादा माना. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मावसबहिणीच्या लग्नाआधी मी तिची लिफ्ट केली. तिचे केस अगदी बारीक आणि भुरे. पत्रकावर १० ते १२ मिनिटं लिहिली होती, मी पूर्ण १२ ठेवली. शील्ड काढल्यावर टोकं गळासारखी वळलेली, केस ओढल्यावर रबराप्रमाणे ताणले जाणारे. लग्नाच्या फोटोत तिनं नकली पापण्या लावल्या. नवे केस यायला तीन महिने गेले. तेव्हापासून मी चौथ्या-पाचव्या मिनिटाला मधल्या दोन केसांवरचं लोशन कोरड्या मायक्रोब्रशनं पुसून बघते. केस ब्रशनं हलवला तरी शील्डच्या वळणावरच मऊ बसून राहिला तर झालं, तिथंच थांबायचं. स्प्रिंगसारखा उठला तर आणखी एक मिनिट, मग परत बघायचं. बारीक केसांना पाच-सहा मिनिटांत होतं, जाड आणि ताठ केसांना जास्त लागतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात एसी बंद असेल तर तेच लोशन लवकर काम करतं, कारण उष्णतेनं रासायनिक क्रिया वाढते. डिसेंबरच्या सकाळी सावकाश.

लोशन काढताना कोरड्या ब्रशनं, मुळाकडून टोकाकडं. ओल्या कापसानं पुसलं तर लोशन पातळ होऊन डोळ्यात उतरतं. मग २ नंबर लावा, पत्रकावरची वेळ इथं पूर्ण द्या. वेळ वाचवायची म्हणून २ नंबर अर्ध्यावर काढणाऱ्या मुली मी बघितल्यात. दुवे उघडेच राहतात, आठवड्यात वळण जातं आणि केस कमजोर होतो तो वेगळाच.

उघडलेली बाटली हवेनं निकामी होत जाते, म्हणून झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. एका वेळची पाकिटं महाग पडतात, पण सुरुवातीला तीच घ्या.

घरी पाठवताना सांगा: २४ तास पाणी, वाफ, काजळ, तेल काही नको. चुलीपुढं किंवा कुकरच्या वाफेत वाकणंसुद्धा त्या दिवशी टाळायचं.

भुवयांचं लॅमिनेशन

रसायन तेच. भुवईचे केस वेगवेगळ्या दिशांनी उगवतात, त्यांना एका दिशेला वळवून बसवायचं. पण इथं केसाखाली थेट कातडी असते, त्यामुळे लोशन नेमकं केसांवर आणि पातळ थरात. आदल्या चार-पाच दिवसांत थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलेलं नसावं. उपटलेल्या केसांची भोकं उघडी असतात, लोशन आत झोंबतं. रेटिनॉल किंवा आम्लाच्या क्रीम चालू असतील तर आठवडाभर थांबा. लॅमिनेशननंतर टिंट पटकन धरतो, कारण खवले उघडलेले असतात. नेहमीच्या निम्म्या वेळेत तपासा.

थ्रेडिंग तुम्हाला येतं, म्हणून एवढंच: दोरा दातात धरायची सवय सोडा. गळ्यात अडकवा. तोंडातले जंतू दोऱ्यावरून उघड्या भोकांत जातात, आणि एकीच्या चामखिळीचा विषाणू दोऱ्यावरून दुसरीकडं जाऊ शकतो. दोरा दर क्लायंटला नवा. कोड असलेल्या काही जणींना दोऱ्याच्या घासण्यानं तिथं नवा डाग उठतो, म्हणून तो आधीचा प्रश्न.

एक्स्टेन्शन आणि कोल्हापूरचा पावसाळा

जून ते सप्टेंबर घरातला गूळ सुद्धा पाणी सोडतो, इतकी हवा ओली असते. एक्स्टेन्शनचा, म्हणजे पापणीला नकली केस चिकटवायचा ग्लू सायनोॲक्रिलेटचा, आणि तो हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो. म्हणून जुलैत तो केसाला टेकायच्या आतच बसतो आणि जोड कच्चा राहतो. मार्चच्या कोरड्या दुपारी हाच ग्लू वाळायला वेळ लावतो, शेजारचे केस चिकटतात. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. बहुतेक ग्लूंना ४० ते ६० टक्के मानवते, पावसाळ्यात एसी लावून तिथपर्यंत आणा. ग्लूची वाफ झोंबते, म्हणून डोळे पूर्ण बंद आहेत ना ते सारखं बघत राहा.

लांबीचा हट्ट धरणाऱ्या क्लायंटला हे सांगा. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या आणि वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग केले. डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश लांबीचे केस डोळ्यापुढची हवा सर्वांत संथ ठेवतात, अश्रू कमी सुकतात आणि धूळ कमी येते. त्याहून लांब झाले की वारा उलट डोळ्याकडंच वळतो. मोपेडवरून हायवेनं कामाला जाणाऱ्या मुलीला फार लांब पापण्या लावायच्या नाहीत, याचं कारण इतकं साधं आहे. शिवाय जड एक्स्टेन्शननं मूळ सतत ओढलं जातं, आणि वर्षानुवर्षं ओढलेलं मूळ केस देणं बंद करू शकतं.

मायक्रोब्लेडिंगचं इथं लिहीत नाही. ते केसाचं काम नाही, सुईनं कातडीत रंग भरायचं काम आहे, त्याचं शिक्षण वेगळं आणि निर्जंतुकीकरण दवाखान्यासारखं लागतं.

डोळ्यात गेलं तर

तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना उडाल्याचं तुम्ही ऐकलं असेल. अल्कलीची इजा आम्लापेक्षा वाईट असते, कारण आम्ल वरची प्रथिनं गोठवून स्वतःलाच अडवतं, तर अल्कली पेशींची चरबी विरघळवत आत आत जातो. आपलं लोशन चुन्याइतकं कडक नाही, पण जात तीच. म्हणून काम सुरू करण्याआधी सलाईनची बाटली खुर्चीशेजारी हाताला लागेल अशी ठेवा. झोंबतंय म्हटल्याबरोबर केसांवरचं लोशन कोरडं टिपा, पापणी बोटांनी उघडी धरा आणि आतल्या कोपऱ्याकडून बाहेर सलाईन किंवा नळाचं स्वच्छ पाणी सोडत राहा. निदान १५ मिनिटं. दूध, गुलाबपाणी, घरचे थेंब काही घालू नका. लिंबू तर नाहीच. मग लगेच सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, आणि जाताना लोशनची पेटी सोबत घेऊन, म्हणजे डॉक्टरांना घटक वाचता येतात. “आता बरं वाटतंय” म्हणाली तरी न्या.

वही

प्रत्येक क्लायंटचं एक पान ठेवा: पॅच टेस्टची तारीख, केसांचा प्रकार, शील्डचं माप, १ नंबर किती मिनिटांनी काढला, त्या दिवशी उकाडा होता की पाऊस, आणि सहा आठवड्यांनी केस कसे दिसले. आठ आठवड्यांच्या आत परत लिफ्ट मागितली तर या पानावर बोट ठेवून नको म्हणता येतं. माझ्या वहीत मावसबहिणीचं पान पहिलं आहे. दोन वर्षांनी ती बारशाच्या आधी परत आली, तेव्हा तिच्या पानावर मी ‘साडेचार मिनिटं’ लिहिलं.